व्याधाचा सोबती

आकाशाबद्दल बोलताना आमोस मास्तर पदरचं काही घालत नसत. कर्जत तालुक्यातल्या त्या मिशनच्या शाळेत, १९४४च्या चैत्रात, त्यांनी फळ्यावर एक नागमोडी रेघ काढली. व्याधाचा तारा आकाशात असा हेलकावे खात सरकतो, कारण त्याला एक सोबती आहे. आकारानं लहान, पण भलताच जड. दोघं एकमेकांभोवती फिरतात. माणसांनी त्या सोबत्याला आधी ओढीवरून ओळखलं; दिसला तो पुढं कितीतरी वर्षांनी. आपला सूर्यसुद्धा आकाशगंगेच्या मध्याभोवती फिरतो, आणि तो मध्य धुळीआड झाकलेला आहे. पोरं जांभया देत होती.

आठवड्यानं शेजारच्या पुंजारामनं त्यांना आपल्या रानात नेलं. रान नुकतंच कुळवलेलं, माती पिठासारखी मऊ. शाळा सुटली की मास्तरांची आठ वर्षांची सारा त्यातूनच एकटी घरी जाई. तिची इवली पावलं मातीत स्पष्ट उमटली होती. दर सोळा पावलांनी ती डावीकडे ओढली जात आणि पुन्हा वाटेवर येत.

“मास्तर, हिला कुनी हाताला धरून चालवतंय व्हय?”

“मग दुसरी पावलं कुठं आहेत?”

“न्हाईत. म्हनून तर तुमास्नी बोलावलं.”

मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं. पोर खेळत गेली असेल, म्हणाले. पण गणिताचा माणूस, गप्प थोडाच बसतो? पुंजाराम रोज सकाळी फळी फिरवून रान कोरं करी आणि दुपारी मास्तर वाकून पावलं मोजत. बारा. मग नऊ. मग सात. वळणं जवळजवळ येत होती, आणि प्रत्येक वळण बांधाजवळच्या बिनकठड्याच्या विहिरीकडे आदल्या दिवसापेक्षा जास्त झुकत होतं. त्यांनी साराला गाडीवाटेनं जायला लावलं. तिथल्या फुफाट्यातही वळणं तशीच, विहिरीच्याच दिशेला. विचारलं तर ती म्हणे, मी सरळच चालते की. खोटं बोलणारी पोर नव्हती ती. मास्तरांची पाचावर धारण बसली.

शेवटी एका दुपारी शाळा लवकर सोडून त्यांनी स्वतः तिचा उजवा हात धरला. उन्हात रानातून दोघंच निघाले. दर पाच पावलांना त्यांच्या खांद्याला हिसका बसत होता. विहीर डाव्या हाताला आली, आणि साराचा डावा हात आडवा, ताठ झाला.

मास्तरांनी तिला आपल्याकडे ओढलं. तिकडूनही ओढ आली. शांत, सवयीची.

“सारा, सोड.”

“मी कुठं धरलंय, बाबा?”

तिची चप्पल विहिरीच्या कडेवरून घसरली. पाण्याचा आवाज यायला फार वेळ लागला. मास्तर आयुष्यात इतके कधी भ्याले नव्हते.

“हिला सोड,” ते मोकळ्या उन्हाला म्हणाले. “मला धर.”

साराचा हात खाली पडला.

दुसऱ्या दिवशी तिची पावलं सुतात आखल्यासारखी सरळ होती. मास्तरांनी मातीतच गुडघे टेकून देवाचे आभार मानले.

पुंजाराम त्या पावलांकडे बघत नव्हता. मास्तर आत्ता ज्या वाटेनं आले होते, तिकडे बघत होता.

मास्तर उठले. आपण सरळच चालत आलो, अशी त्यांची खात्री होती. निदान सोळापासून सुरुवात झाली असेल, असं मनाशी म्हणत ते वाकले आणि स्वतःची पावलं मोजू लागले.

चार मोजून झाली, तोच वळण आलं.