राखून ठेवलेला रविवार

माझ्या सासूबाई, बजाबाई, साड्या जोडीनं घेतात. थोरल्या सुनेला एक, धाकटीला तसलीच दुसरी. रंग तोच, काठ तोच, म्हणजे घरात कुरबूर नको. थोरली मी, अपेक्षा. कुरबूर मी तरीही करते, मनातल्या मनात. साडी सारखी असली तरी ती नेसून नवऱ्याच्या गाडीवर खिदळत बसते ती संस्कृती, माझी धाकटी जाऊ. माझे यजमान इंद्रजीत माझ्याशी शेवटचं कधी हसून बोलले, ते मला आठवावं लागतं.

विजापूर रस्त्याला नवं थीम पार्क झालं, तेव्हा धाकटे दीर युवराज यांनी दोघांचे वर्षाचे पास काढले. झालं. मला घास गोड लागेना. मी इंद्रजीतच्या इतकी मागं लागले की वैतागून त्यांनीही आमचे पास काढले. काउंटरवर फोटो काढताना मी हसले नव्हते, ऊन डोळ्यांवर येत होतं. पासवर मात्र मी खळखळून हसत होते. छान दिसत होते, म्हणून गप्प बसले.

नुसत्या पासवर आत सोडत नाहीत, आधी मोबाइलवरून दिवस राखून ठेवावा लागतो. मी रविवार निवडला. 'या पासवर आरक्षण झालेले आहे,' असं उत्तर आलं. पुढच्या रविवारीही तेच. इंद्रजीतना विचारलं, तर म्हणाले, मला त्यातलं काही कळत नाही, आणि रविवारी मला वैरागला काम आहे.

वैरागला जाताना कोणी अत्तर लावतं का?

ते गेल्यावर मी सासूबाईंनी संक्रांतीला घेतलेली डाळिंबी साडी नेसले आणि रिक्षा करून पार्क गाठलं. दारावर पास टेकवला. यंत्राचा लाल दिवा लागला. तिथल्या माणसानं पासवरचा फोटो पाहिला, मग मला पाहिलं.

"तुमी मगाशीच आत गेलाय की, मॅडम. साहेबांसंगट."

जाळीपलीकडं आकाशपाळणा फिरत होता. क्लोरिनचा आणि भाजलेल्या कणसांचा वास येत होता. पाळण्याखाली इंद्रजीत उभे होते. त्यांच्या शेजारी एक पाठमोरी डाळिंबी साडी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसल्या साड्या घरात दोनच, आणि एक माझ्या अंगावर होती. मी तिथूनच संस्कृतीला फोन लावला. मागून खलबत्त्याचा आवाज येत होता.

"शेंगाची चटणी कुटायलेय, ताई. सासूबाई बी हितंच हायत. बोला की."

जाळीपलीकडची बाई वळली.

चेहरा माझा होता. हसू पासवरचं.

इंद्रजीत तिच्याकडं बघत होते. माझ्याकडं त्यांनी तसं कधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो हेवा.

मी त्यांना हाक मारली. त्यांना ऐकू गेली नाही. तिला गेली. माझ्याकडं बघतच तिनं त्यांचा हात धरला.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दारात इंद्रजीतची गाडी उभी होती. आतून त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मी बेल वाजवली.

सासूबाईंनी दार अर्धंच उघडलं. माझ्या पदराचा काठ बोटांत धरून बराच वेळ निरखला.

"संस्कृती आत हाय. अपेक्षा बी आत हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी तर दोनच साड्या आणल्या व्हत्या."