पाच वाक्यांत तिमण्णा

तिमण्णा धोत्रेचं निवेदन अकरा शब्दांत संपलं. म्हणजे त्यानं संपवलं नाही, मशीननं संपवलं.

"मी तिमण्णा धोत्रे. टेकडीवरच्या खाणीत. बत्तीस वर्षं. घण मारला. आणि मग."

धूळबाधा नोंदणी कार्यालयाच्या पडद्यावर ही पाच वाक्यं उमटली आणि खाली हिरवी ओळ आली: निवेदन पूर्ण झाले, आभारी आहोत. तिमण्णा अजून तोंड उघडं ठेवून दम घेत होता. पुढचा शब्द त्याच्या जिभेवरच होता.

त्या काळात हातानं कुणी काही लिहीत नसे. बोललं की उमटायचं. पूर्वी, आजोबांच्या वेळी, मोबाइलला तोंडानं सांगावं लागे: स्वल्पविराम, पूर्णविराम. लोकांना त्याचा कंटाळा आला, म्हणून श्वासविराम हे तंत्र निघालं. निरोगी माणूस एका श्वासात बारा-पंधरा शब्द बोलतो, विचार संपला की आवाज खाली आणतो आणि मग श्वास घेतो. मशीन तो श्वास ऐकतं आणि तिथं पूर्णविराम देतं. एकेचाळीस भाषांत हे चालायचं. एकदा पूर्णविराम पडला की वाक्य कुलूपबंद, कारण नंतर कुणी त्यात फेरफार करू नये.

अर्ज लाखांनी येत, म्हणून कायद्यानं प्रत्येकाला पाच वाक्यं दिली होती. शिकल्यासवरल्या माणसाचं एक वाक्य दोन-तीन ओळी चालतं, त्याला पाच म्हणजे मोकळं मैदान. दगडाच्या धुळीनं ज्याची फुप्फुसं भरलीत त्याला दर दोन-तीन शब्दांना थांबावं लागतं. म्हणजे ज्याच्यासाठी कार्यालय उघडलं, त्यालाच तिथं बोलता येत नव्हतं. हा नियम करणाऱ्या कुणाच्या छातीत धूळ नव्हती, एवढंच त्याचं स्पष्टीकरण.

"सायेब, ह्यांचं बोलणं अजून हाय की," तिमण्णाची बायको दुर्गव्वा म्हणाली.

भोईटे नावाच्या कारकुनानं खांदे उडवले. आणखी दोन संधी होत्या. तिमण्णाची घरची बोली वडारी, ती एकेचाळिसांत नव्हती. म्हणून त्यांनी दुसऱ्या वेळी जवळची म्हणून तेलुगू निवडली. भाषा बदलली, फुप्फुस तेच होतं. त्याच निवेदनात दोन वाक्यं तुटली, तेव्हा भोईट्यानं हळूच सुचवलं की जुनी सोय मशीनमध्ये अजून आहे, तोंडानं "स्वल्पविराम" म्हटलं तर वाक्य उघडं राहतं. पण तेवढा शब्द म्हणायलाच तिमण्णाचा अख्खा दम लागे. म्हणून दुर्गव्वा शेजारी उभी राहिली आणि तो थांबला की ती म्हणू लागली, स्वल्पविराम. दोनदा चाललं. तिसऱ्यांदा पडदा लाल झाला: साक्षीदारास पढवले जात आहे, निवेदन रद्द.

आता एकच संधी उरली होती. दुर्गव्वा नवऱ्याला घेऊन थेट श्वासविराम बनवणाऱ्या डॉ. निशिकांत सबनीसांच्या प्रयोगशाळेत गेली. तिमण्णाला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"बाई, मशीननं खोटं काही केलेलं नाही," सबनीस म्हणाले.

"मग खरं काय केलं?"

सबनीसांनी तिला खुर्ची दिली. माणूस वाईट नव्हता, फक्त आयुष्यात कधी धापा टाकलेल्या नव्हत्या. त्यांनी समजावलं की मशीन बातम्या देणाऱ्यांच्या, प्राध्यापकांच्या, वकिलांच्या श्वासावर शिकलंय. खाणीतला श्वास त्याला कुणी ऐकवलेलाच नाही. दीडशे जण तासभर बोलले आणि शेजारच्या जाणत्या माणसानं बटण दाबून दाखवलं, की इथं वाक्य संपलं, इथं नुसता दम घेतला, तर ते शिकेल.

मग ते थोडे अडखळले. "पण एकदा हा दमाचा स्वल्पविराम ओळखता आला, की तो कुणाच्याही बोलण्यात ओळखता येईल. क्ष-किरणात डाग दिसायच्या पाच-सहा वर्षं आधी."

"मग बरंच की. लवकर कळंल."

"कुणाला कळेल, ते माझ्या हातात नाही."

दुर्गव्वाला त्यात काहीतरी खुपलं. पण बाहेरच्या बाकावरून खोकला ऐकू येत होता आणि तो आठवड्या-आठवड्याला बारीक होत चालला होता. "उद्याचं उद्या," ती म्हणाली. "आधी ह्यांचं वाक्य पुरं होऊ द्या."

तीन आठवडे वस्तीवर ध्वनिमुद्रण चाललं. म्हातारे खूश होते. जन्मात पहिल्यांदा कुणी आपल्याला थांब, अजून खोक म्हणतंय, असं एक जण म्हणाला आणि हसता हसता त्याला खरंच उबळ आली. बटणं दाबायला दुर्गव्वा बसली, कारण कुणाचं बोलणं संपलंय आणि कुणाचं उरलंय हे तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

कार्यालयात तिसऱ्या वेळी मशीन थांबलं. तिमण्णानं दम घेतला, मशीननं वाट पाहिली.

"मी तिमण्णा धोत्रे, टेकडीवरच्या खाणीत, बत्तीस वर्षं, घण मारला, आणि मग, क्रशर आले, तेव्हा धूळ बसवायचा, पाण्याचा फवारा, मुकादमानं बंद ठेवला, कारण ओली खडी, गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून आम्ही, ती धूळ, अठरा वर्षं गिळली."

पहिलं वाक्य. अजून चार बाकी होती, पण त्यानं हात हलवून नको म्हटलं. सांगायचं ते सांगून झालं होतं. अर्ज मंजूर झाला. औषधं मिळाली, भत्ता मिळाला. अकरा महिन्यांनी तो गेला. ते वाक्य छापून घेतलेला कागद तोवर त्यानं वस्तीत सगळ्यांना दाखवला होता.

त्याच वर्षी खाणीच्या दारावर नवं यंत्र बसलं. ते फक्त म्हणायचं, काल दिवसभर काय केलं ते सांगा. तिमण्णाची मुलगी रेणुका सव्वीस वर्षांची, आठ वर्षं क्रशरवर, अजून खोकलाही नाही. तिनं हसत सांगितलं. यंत्रानं ऐकलं, स्वल्पविराम मोजले आणि दार उघडलं नाही.

वस्तीतल्या त्रेचाळीस जणांना दार उघडलं नाही. आजारी आहात असं कुणी म्हणालं नाही. आजार नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर औषध नाही. फवारे बंद ते बंदच राहिले. त्या त्रेचाळीस जणांच्या जागी लांबच्या गावांतून ताजी फुप्फुसं आणली गेली. वर्षाअखेरीस सरकारनं जाहीर केलं की धूळबाधेचे नवे रुग्ण शून्य. टाळ्याही वाजल्या असतील.

दुर्गव्वानं सबनीसांना फोन केला.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," ते म्हणाले.

"सांगितलं होतं. पण वाक्य अर्ध्यात सोडलं होतं, सायेब. दम तर तुम्हाला लागत नव्हता."

वीस मैलांवर दुसऱ्या खाणीत सोमवारी भरती होती. तिथलं दारही तसंच, बोलणं ऐकणारं होतं. दुसरं कामही नव्हतं. रविवारी दुपारी दुर्गव्वानं मुलीला समोर बसवलं. तीन शब्द बोलायचे, आवाज खाली आणायचा, थांबायचं. दम लागला तर तो वाक्य संपल्यासारखा दिसला पाहिजे.

"मी रेणुका धोत्रे."

"पूर्णविराम," दुर्गव्वा म्हणाली.

"काल खडी भरली."

"पूर्णविराम."

"आई, जिना चढताना, मला हल्ली,"

दुर्गव्वानं तिच्या तोंडावर हात ठेवला.

"पूर्णविराम," ती म्हणाली.