गप्प म्हणजे मान्य

कवळ्या बनवणाऱ्या त्या बाईला सगळे मास्तरीण म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडायचं. दिवसभर मेणावर दात बसवायचे, साच्यात प्लास्टर ओतायचं आणि अधेमधे फोनवर खेळ चालवायचा. ओळखीची आठ-दहा टाळकी एका ग्रुपवर आळीपाळीने लिहीत, आणि त्यातून एका काल्पनिक राज्याची गोष्ट पुढे सरके. प्रत्येकाचं एक पात्र. मास्तरीण राणी, तिचा धाकटा भाऊ सैनिक. नियम सगळे तिचे. कुणी मोडला, की भर ग्रुपात त्याची बिनपाण्याने हजामत व्हायची.

मुख्य नियम असा, की दुसऱ्याच्या पात्राच्या वतीने कुणी बोलायचं नाही. त्या पात्राचं काही करायचं असेल, तर त्याच्या मालकाला विचारायचं. पण लोक उत्तरच देईनात, गोष्ट अडून बसे. वैतागून तिने नवा नियम ठोकला. विचारणारा सोडून दुसरं कुणी लिहीपर्यंत मालकाचं उत्तर आलं नाही, तर मान्य धरायचं!

भावाचं शिवणकामाचं दुकान रस्त्यापलीकडे होतं. जेवायला तो तिच्याकडे वर यायचा.

"ताई, गप्प बसणं म्हणजे हो नव्हे गं," तो म्हणाला.

"माझ्या खेळात आहे. पटत नसेल तर फूट."

"फुटतोच. तुला माणसं नकोतच, होयबा हवेत!"

डबा अर्धा टाकून तो निघून गेला. बोलणं बंद. ग्रुप त्याने सोडला नाही, पण उघडायचंही थांबवलं. तिला आतून फार वाईट वाटत होतं, पण आधी नमतं कोण घेणार?

त्याच आठवड्यात ग्रुपवर 'पाहुणा' आला. नाव म्हणून तेवढंच लिहिलेलं. त्याला कुणी घेतलं म्हणून विचारलं, तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. लिहायचा मात्र अगदी नियमात.

'सैनिकाचा डावा डोळा मी घेतो. मान्य?'

भावाने ते पाहिलंही नाही. खाली कुणीतरी किल्ल्याच्या पुलाचं वर्णन टाकलं आणि खेळ पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी भावाच्या दुकानाशेजारचा इस्त्रीवाला धापा टाकत वर आला. "अहो, तुमच्या भावाला सुई ओवता येईना. डाव्या डोळ्याने काही दिसतच नाही म्हणतो. आणि डॉक्टर म्हणतात, डोळा ठणठणीत आहे!"

मास्तरणीच्या हातातलं मेण टेबलावर पडलं. तिने घाईने लिहिलं, 'नवा नियम रद्द. मान्य?'

'अमान्य,' पाहुण्याचं उत्तर आलं. एकाचाही नकार असला तर नियम बदलत नाही, हेही तिनेच ठरवलेलं.

तिने त्याला ग्रुपवरून काढून टाकलं. यादीतून नाव गेलं. मजकूर येतच राहिला.

'सैनिकाचा श्वास मी घेतो. मान्य?'

तिची बोटं फोनवर थबकली. भावाच्या वतीने तिला नकार देता येत नव्हता. आणि तिने एक अक्षर जरी लिहिलं असतं, तरी तेच पुढचं लिखाण ठरून श्वास मान्य झाला असता.

ती जिना उतरून धावत सुटली.

भाऊ कापडावर वाकून, एक डोळा मिटून खडूने रेघ ओढत होता.

"फोन काढ. अमान्य लिही. आत्ताच्या आत्ता!"

"आता आठवण झाली? मी फुटलोय ना?"

"बाबा रे, पाया पडते तुझ्या. चुकलं माझं. एक शब्द लिही."

तिचा चेहरा पाहून तो वरमला. त्याने हात झटकले, फोन काढला. एकेक अक्षर शोधत लिहिलं. अमान्य.

तिच्या जिवात जीव आला. तिथेच तिला रडू कोसळलं.

मग तिने स्वतःचा फोन पाहिला.

भावाच्या शब्दाच्या वर आणखी एक ओळ होती. ती जिन्यात असताना आलेली.

'भावाच्या मनातून राणीला मी काढून घेतो. मान्य?'

त्याखाली फक्त सैनिकाचा नकार. विचारलेलं राणीबद्दल होतं, आणि राणीने काहीच लिहिलं नव्हतं.

तिने मान वर केली.

भाऊ अदबीने स्टूल पुढे सरकवत होता.

"बसा ना. पाणी देऊ? रडू नका हो. माझी ताई येईलच आता, तिच्याशी बोला."

आणि तिच्या खांद्यावरून तो रस्त्याकडे ताईची वाट बघत राहिला.