दंडातला कण

"दोन महिने झाले सिस्टर, पोटात नुसतं फडफडतंय. गॅसची गोळी द्या," म्हणत मयूरीनं बाही वर सरकवली. उपकेंद्रात आलं की आधी दंड दाखवायचा, हे गावातल्या बायकांच्या आता अंगवळणी पडलं होतं.

तिच्या दंडात, कातडीखाली, तांदळाएवढा एक कण होता. तो दहा वर्षं गर्भ राहू देत नसे. दुसऱ्या बाळंतपणात रक्त जाऊन मयूरी मरता मरता वाचली होती. तिसरं जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ऑपरेशन झेपेल एवढी अंगात ताकद नव्हती. म्हणून उज्ज्वला सिस्टरनं स्वतःच्या हातानं कण बसवला. "पाळी बंद होईल, घाबरू नकोस हं," असंही सांगितलं. कणाची एकच अट होती. बाईवर सक्ती नको म्हणून दर वर्षी मोबाइलवर प्रश्न यायचा. चालू ठेवायला एक दाबा, बंद करायला दोन. केवढी ती शहाण्यांची काळजी!

सिस्टरनं वाचकयंत्र दंडाला टेकवलं. हिरवा दिवा काही लागेना. पडद्यावर अक्षरं आली, 'कण बंद. उत्तर आले : दोन. आठ महिन्यांपूर्वी.'

सिस्टरनं तिला आडवं केलं आणि पोट चाचपलं. सहा महिने उलटून गेले होते.

"मयूरे, गॅस नाही गं हा."

"काहीतरीच काय! कण हाय की." मयूरी हसली. मग तिनं सिस्टरचा चेहरा बघितला.

बाहेर ऋषिकेश, तिचा नवरा, दोन्ही पोरींना गाडीवर बसवून खेळवत होता. सिस्टरनं त्याला आत बोलावून कणाच्या मेसेजचं विचारलं.

"मेसेज? दिवसाला पन्नास येतात, सिस्टर. कसली तरी स्कीम असंल म्हणून पुरतं न वाचताच, बंद करायला दोन म्हणून दोन दाबून टाकलं." बोलता बोलता त्याला उमगलं. "माझ्या हातानं केलं की ओ मी!"

'वाचता येत नाही का रे, मुडद्या?' सिस्टरच्या अगदी तोंडावर आलं होतं. पण पडद्यावर नोंदणीचा फॉर्म उघडा होता, आणि तो तिनंच भरला होता. बाईच्या मोबाइलच्या रकान्यात नवऱ्याचा नंबर. वीस वर्षं ती असंच भरत आली होती. हाताला सवयच ती.

"तालुक्याला नेऊ आपण. मी बरोबर येते," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. आता पाडायची वेळ निघून गेली होती. बाळंतपणाला सामोरं जायचं, एवढंच हातात उरलं होतं.

मयूरी रडली नाही. तिनं पिशवीतून आपला फोन काढला. त्यावर दोन्ही पोरींचा फोटो होता. तिनं तो सिस्टरपुढं धरला.

"तवाबी हाच फोन होता माझ्याकडं, सिस्टर. याच खुर्चीत बसले होते मी. दंड माझा, पोट माझं, जीवबी माझाच जायचा. मग नंबर मला का नाही विचारला तुम्ही?"