भोंडल्याचा पितळी हत्ती

पाटावर हत्ती नव्हता.

जोंधळ्यांच्या राशीत त्याच्या चार पायांचे खळगे तेवढे उरले होते. खंडेराव मार्केटातून सकाळीच आणलेली झेंडूची माळ जागची हललीही नव्हती. बाहेरच्या पायऱ्यांवर फोटो काढून हसतखिदळत परतलेल्या बायका दारातच थबकल्या.

"अगं बाई, हत्ती कुठाय?" रसिका म्हणाली. तिचा मोबाइल अजून हातात तसाच उंचावलेला होता.

आश्विनातला शनिवार, दुपारचे सव्वाचार. बडोद्याच्या नागरवाड्यातल्या भगिनी मंडळात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी काही ना काही योजलेले असे. कधी पाककृती, कधी व्याख्यान, आश्विनात भोंडला. भोंडला मात्र सहाच्या आत आटोपावा लागे, कारण मग साऱ्या लेकीसुना गरब्याला पळत. इतर घरी पाटावर खडूने हत्ती काढतात. या मंडळाचा हत्ती पितळी होता. चार बोटे उंच, हाताला जड, गळ्यात खरोखर वाजणारी घंटा. मंडळ स्थापन झाले तेव्हापासून नियम एकच : हत्ती अध्यक्षांच्याच हाताने पाटावर बसायचा.

बावीस वर्षे ते हात मंदाकिनीबाईंचे होते.

यंदा नव्हते. भाद्रपदातल्या सभेत मैथिलीची निवड झाली. वय चौतीस, बँकेत नोकरी, प्रत्येक वाक्याच्या शेवटी गुजराती "सरस" आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या आरंभी फोटो. आज साडेतीनला तिने हत्ती उचलला तो डाव्या हाताने, हे मंदाकिनीबाईंच्या नजरेतून सुटले नव्हते. ते पाहताना आपल्याला जे वाटले त्याला मत्सर म्हणतात, हेही त्यांना ठाऊक होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाने निदान स्वतःशी तरी खोटे बोलू नये.

"मंदाताई," कांचन हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "फोटोला तुम्ही नव्हतात ना?"

कांचन मंडळाची चिटणीस. आज समईपाशी बसून वातीही तिनेच वळल्या होत्या. मंदाकिनीबाई अध्यक्ष झाल्या त्याच वर्षी ती चिटणीस झाली, आणि तेव्हापासून त्यांच्या दोन पावले मागे चालत आली होती.

"नव्हते," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मी फोटोला उभी राहत नसते, हे सर्वांना माहीत आहे."

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ त्यांना स्वच्छ कळला. गेल्या महिन्यात त्या याच खोलीत म्हणाल्या होत्या, 'नवख्या हातात तो हत्ती बसणार नाही.' आता उरलेल्या सोळाही जणींना ते वाक्य आठवत होते.

त्यांनी आपली पर्स चटईवर पालथी केली. चष्म्याचे घर, रुमाल, वेलदोड्यांची डबी. "पाहिलंत? आता प्रत्येकीची पिशवी. आणि रसिका, तुझा फोन इकडे आण."

पिशव्यांत काही निघाले नाही. फोनमध्ये मात्र बरेच काही होते. हत्तीचा पाटावरचा शेवटचा फोटो चार वाजून एक मिनिटाचा. पायऱ्यांवरचे फोटो चार-तीन ते चार-बारा. प्रत्येकात त्याच तेरा जणी, मधोमध मैथिली; फोटो काढणारी रसिका चौदावी. मागच्या दाराला कुलूप, पुढच्या पायऱ्यांवर चौदा बायका. म्हणजे हत्ती वास्तूबाहेर गेलेला नव्हता. आणि आत होत्या तिघीच.

"कांचन, तू कुठं होतीस?"

"आतल्या मोरीत नळावर पाय धूत होते. अनवाणी फेर धरायचा, तर पाय नकोत का स्वच्छ?"

"जिजाबाई, तुम्ही?"

जिजाबाई प्रतापनगरच्या. यजमान रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि जिभेला हाड नाही अशी ख्याती. "स्वयंपाकघरात. चहा काय आपोआप होतो?"

"काही ऐकलंत?"

"घंटा. एकदाच वाजली, मग एकदम गप्प. कुणी मुठीत धरावी तशी. मला वाटलं, तुम्हीच. आणखी कुणाचा जीव एवढा अडकलाय त्याच्यात?"

मागे कुणीतरी हसू दाबले.

"आणि तुम्ही कुठं होतात, ताई?" कांचनने विचारले.

"कार्यालयाच्या खोलीत."

"दार लावून?"

"दार लावून."

"काय करत होतात?"

"ते माझ्यापाशी राहू दे."

राहू देण्यासारखे ते नव्हते. मैथिलीनेसुद्धा मान खाली घातली. बावीस वर्षांचे नाव एका दुपारीत चोरीच्या संशयाखाली आले होते, आणि सहा वाजले की हे नाव सोळा तोंडांतून सोळा घरी जाणार होते.

"भोंडला थांबणार नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांनी रांगोळीचे भांडे ओढले आणि पाटावर चार रेषांत हत्ती उभा केला. "धरा फेर."

गाणी झाली, पण फेर सैल होता, आवाजात जीव नव्हता. मग जिजाबाईंनी चहा वाटला.

"गोड मानून घ्या. नळाला दुपारी बारानंतर थेंब येत नाही. पिंपाच्या तळाशी होतं नव्हतं ते पाणी उपसून केलाय."

मंदाकिनीबाईंनी कप ओठांपर्यंत नेला आणि क्षणभर तसाच धरला.

आता खिरापत. आपापला पदार्थ बंद डब्यातून आणायचा आणि इतरांनी डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचे, ही भोंडल्याची खरी गंमत. यात मंदाकिनीबाईंचा कान बडोद्यात नावाजलेला होता. भिंतीलगत चादरीखाली दुपारपासून झाकून ठेवलेले, ओळखण्याआधी उघडायचे नाहीत म्हणून झडतीतूनही सुटलेले पाच डबे पुढे आले.

जिजाबाईंचा चिवडा दुरूनच ओळखू आला. रसिकाच्या डब्यात भाकरवडी.

"दुकानातली," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"काकू, आवाजावरून दुकानसुद्धा कळतं?"

"घरच्या सगळ्या एका मापाच्या नसतात. त्या एका सुरात वाजत नाहीत."

मंदाकिनीबाईंच्या करंज्या मैथिलीने ओळखल्या. मग कांचनचा डबा. खडीसाखर कडांवर टणटण आपटत होती.

"पंचखाद्य. पण डबा उणा कसा, कांचन? दरवर्षी गच्च भरतेस, खडीसाखरेला हलायला जागा नसते."

"चव बघण्यातच गेलं घरी."

उरला मैथिलीचा. तो अजून चटईवरच होता. कुणी हातही लावला नव्हता.

"आता तो हलवून काय उपयोग?" कांचन म्हणाली. "मऊ पदार्थ कधी बोलतो का? सरळ उघडा."

मैथिलीने झाकण काढले. वाटली डाळ, वर खोबऱ्याचा थर. तिने चमचा खुपसला आणि तो कशावर तरी खटकन अडला. बोटांनी उकरले तेव्हा आधी सोंड वर आली.

खोलीत कुजबुज सुरू झाली. "अध्यक्षांच्याच डब्यात?" "कशासाठी पण?" मैथिलीचा चेहरा खोबऱ्यासारखा पांढरा पडला. "मी नाही ठेवला. काकू, देवाशपथ, मी नाही."

मंदाकिनीबाईंना त्या क्षणी आपली अध्यक्षपदाची खुर्ची पुन्हा दिसली. चोरीचा आळ त्यांच्यावरून उतरून त्या मुलीवर गेला होता. त्यांना काहीच करायचे नव्हते. नुसते गप्प बसायचे होते. यंदाच एकदा त्या अशाच सोयीने गप्प बसल्या होत्या, आणि ते सोपे असते हे त्यांना माहीत होते.

त्यांनी चष्मा चढवला.

"मैथिली, डाळीवर काय घातलं होतंस?"

"ओलं खोबरं आणि कोथिंबीर. सकाळीच नारळ खोवला."

"ओलं. मग हे भाजलेलं सुकं खोबरं कोणी पसरलं? वाटल्या डाळीवर सुकं खोबरं घालणारी बाई अजून या बडोद्यात जन्माला यायची आहे." त्यांनी चिमूटभर खोबरे तळहातावर घेऊन सर्वांसमोर धरले. "जवळ येऊन बघा. हे बारीक दाणे कसले?"

जिजाबाईंनी डोळे बारीक केले. "खसखस."

"सुट्या खोबऱ्यात खसखस आज एकाच डब्यात आहे, पंचखाद्याच्या."

सोळा डोकी कांचनकडे वळली. ती हसली. "मैथिलीनेच माझा डबा उघडला असेल."

"कधी? चार-एकला हत्ती पाटावर होता. चार-तीनपासून चार-बारापर्यंत ती प्रत्येक फोटोत आहे. परत आली तेव्हा हत्ती गेलेला होता. हे काम आत राहिलेल्या तिघींपैकी एकीचं. जिजाबाई म्हणाल्या, घंटा एकदा वाजून गप्प झाली." मंदाकिनीबाईंनी हत्ती उलटा केला. घंटेतून समईची कापसाची वात बाहेर आली. "समईपाशी आज कोण बसलं होतं, ते सर्वांनी पाहिलं आहे. पण वातीचं सोड, वात कुणीही उचलेल. तू म्हणालीस, मी नळावर पाय धूत होते. त्या नळाला बारानंतर थेंब येत नाही. आणि मैथिलीचा डबा कुणी उचललाही नव्हता, तेव्हाच तुला आतला पदार्थ मऊ असल्याचं ठाऊक होतं. माझा कान नावाजलेला आहे, कांचन. पण चटईवर ठेवलेला डबा मलाही ओळखता येत नाही."

कांचनने पदर खांद्यावरून पुढे ओढला.

"डाळ उकरलीस, हत्ती पुरलास, वरचं खोबरं विस्कटलं. ते झाकायला हाताशी होतं ते आपलंच खोबरं. म्हणून तुझा डबा उणा. हत्ती तिच्या डब्यात सापडायचा, आणि आत दार लावून एकटी मी. तिने चोरला म्हणा, नाहीतर तिला बदनाम करायला मी ठेवला म्हणा."

"तुम्हा दोघींतली कुणीही गेली असती तरी चाललं असतं," कांचन म्हणाली. "बावीस वर्षं तुम्ही. मग ती, तीन वर्षं झाली नाहीत तिला मंडळात येऊन. भाद्रपदात मी तुमच्याकडे बघत होते, मंदाताई. एक शब्द बोलला असतात तर. माझी पाळी कधी होती?"

उत्तर मंदाकिनीबाईंनाच द्यायचे होते.

"कार्यालयात मी काय करत होते, ते विचारलंस," त्या म्हणाल्या. "दार लावून अध्यक्षांच्या खुर्चीत बसले होते. नुसती बसले होते." माना खाली गेल्या, पण त्या थांबल्या नाहीत. "तुझं नाव सुचवायचं माझ्या मनात आलं होतं. मैथिली तिथे बसेल, हे मला सोसलं; माझ्या मागून चालणारी तिथे बसेल, हे सोसलं नाही. म्हणून गप्प राहिले. त्याने तुझं आजचं कृत्य धुतलं जात नाही. या मुलीच्या कपाळी तू चोरी लिहीत होतीस. आधी तिची क्षमा माग."

कांचनने मैथिलीसमोर हात जोडले. मैथिलीने ते हात खाली घेतले, आणि डाळीने माखलेला हत्ती मंदाकिनीबाईंपुढे धरला.

"काकू, आज तुम्हीच बसवा."

दुपारभर त्यांना हेच हवे होते.

"अध्यक्ष तू आहेस. तूच बसव, आणि उजव्या हाताने," त्या म्हणाल्या. "पण असा बरबटलेला नाही. जिजाबाई, चिंच आहे?"

पिंपातले उरलेसुरले पाणी आले, चिंच आली. दर भोंडल्याच्या आदल्या दिवशी हत्ती लख्ख घासलेला असे. तो कोण घासते, हे त्यांनी बावीस वर्षांत कधी विचारले नव्हते. पदर खोचून त्या पाटाशेजारी बसल्या आणि चिंचेचा गोळा हत्तीच्या पाठीवर फिरवू लागल्या. डाळ कोरीवकामात घट्ट बसली होती, निघेना.

कांचन बराच वेळ दाराशी उभी होती. चपला तिच्या पायात होत्या.

"तसं नाही निघायचं," ती अखेर म्हणाली. "आधी कान. सोंड शेवटी."

मंदाकिनीबाईंनी हत्ती वळवला आणि कानापासून सुरुवात केली.