विचारण्याआधी

कोप्पीकर रोडवरच्या ऑफिसात नूतन आठवडाभर एकच काम करत होती. रक्तदात्यांची माहिती दोन सारख्याच कॉम्प्युटरांत भरली होती, एकावर विंडोज, दुसऱ्यावर लिनक्स. लवकर शोधून देईल तो धारवाडच्या एका रक्तपेढीत बसवायचा. चाचणीपुरती नावं आणि फोन नंबर तिनंच मनानं बनवले होते.

लिनक्स पुढे होता, त्यात नवल नव्हतं. आज मात्र तो फारच पुढे गेला. नूतनचं बोट बटणावर टेकायच्या आत उत्तर पडद्यावर आलेलं असे.

"घड्याळं जुळव," शेजारचा प्रभंजन म्हणाला.

जुळलेलीच होती. तिनं नेटवर्कची केबल काढली, कीबोर्डही काढला, आणि मनात 'ओ निगेटिव्ह' म्हटलं. ओ निगेटिव्हचे सगळे दाते पडद्यावर आले.

"रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"लिनक्स फास्ट. एवढंच लिही." प्रभंजन पडद्याकडे न बघताच चहाला गेला.

तो जिना उतरतोय तोवर आणखी एक उत्तर उमटलं. या वेळी तिनं मनातही काही विचारलं नव्हतं.

बॉम्बे रक्तगट, दहा हजारांत एखाद्याचा. तिच्या धाकट्या भावाचा, धम्मपालचा, हाच गट. लहानपणी त्याच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त मिळवताना घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खाली एकच नाव होतं: नागुबाई, केलगेरी, धारवाड. शेजारी नंबर.

हे नाव तिनं कधीच भरलं नव्हतं.

तिनं नंबर फिरवला.

"निघालेय गं, रिक्षातच आहे," पलीकडून बाईचा आवाज आला. "मघाशी सांगितलं की तुला. रडू नको, भावाला काही होत नाही."

नूतननं धम्मपालला फोन लावला. बराच वेळ रिंग वाजली. मग कुणा परक्यानं उचलला आणि कन्नडमध्ये घाईघाईनं म्हणाला, "अक्का, यांच्या गाडीला ट्रकनं उडवलंय. आत्ताच. नवनगरजवळ."

धम्मपालला इस्पितळात आणलं तेव्हा नागुबाई आधीच तिथं येऊन बसली होती.

तो वाचला. आणखी उशीर झाला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी वॉर्डाबाहेर नूतननं नागुबाईचा हात हातात घेतला. "मावशी, पहिला फोन मी केला नव्हता."



"तूच होतीस की. आवाज हाच," नागुबाई म्हणाली. "फक्त पार म्हातारा झालेला."