वाचणाऱ्याचं नाव

वाशीमच्या ज्या कॉलेजात मी शिकले, तिथेच आता भौतिकशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेतला जुना कॉम्प्युटर भंगारात निघायचा होता. त्याआधी एकदा सुरू करून पाहावा म्हणून मी निजामुद्दीनला बोलावलं. तो माझा वर्गमित्र, बाजारात त्याचं इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान आहे. दुपारी तो आला, आतली धूळ फुंकली, दोन वायरी हलवल्या. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

त्यातला प्रोग्राम आम्हाला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या उकंडरावसरांनी लिहिलेला. तापमापीवर वाचलेले आकडे भरले की ती कुठे किती चुकते, हे तो सांगायचा. पण आम्हाला गंमत वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. सर म्हणायचे, माणसाची चूकही ठरलेली असते. मी बुटकी, पारा खालून बघायची, म्हणून माझे आकडे जरासे कमी यायचे. निजामुद्दीन घाईत दशांश सोडून द्यायचा. एवढ्यावरून प्रोग्राम शेवटी वाचणाऱ्याचं नाव ओळखायचा, आणि सर आमच्याहून जास्त हसायचे.

सर मागच्या उन्हाळ्यात गेले.

स्पिरिटच्या दिव्यावर पाणी ठेवलं. मी पारा वाचत गेले, निजामुद्दीन आकडे भरत गेला. तोच स्पिरिटचा वास, तोच पंख्याचा खडखडाट. कॉलेजचे दिवस कुठे गेलेच नव्हते जणू.

गणित संपलं. खाली नाव आलं, ते सरांचं.

निजामुद्दीन हसला. सरांनी यादीत स्वतःलाही घातलं असेल, आणि मशीन म्हातारं झालंय, असं म्हणाला. मग त्यानं वाचलं, मी भरलं. नाव आलं निजामुद्दीन. मशीन बरोबर होतं.

आता तो हसत नव्हता. पुन्हा मी वाचायला बसले. या वेळी अगदी जपून.

उकंडराव.

मी वळून पाहिलं. निजामुद्दीनचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. तो माझ्याकडे बघत होता.

"रूपाली, तू मान वाकडी करून काहून पाहून राह्यली?"

माझी मान सरळ होती. मला तरी तसंच वाटत होतं.

"सरळच तर आहे," मी म्हटलं.

तो जवळ आला. मग हळूच म्हणाला, "सर असेच पाहत. त्याइले उजव्या डोयानं दिसत नोतं."

मी दिवा विझवला. खिडकीशी गेले. बाहेर मैदानात ऊन होतं, पोरं क्रिकेट खेळत होती.

मी डावा डोळा तळहातानं झाकला.

पोरांचा आवाज तेवढा येत राहिला.